सोळाव्या मिनिटाचा परग्रहवासी

‘“भर दुपारी” या चित्रपटात परग्रहवासीयांच्या अंगावर दाखविलेल्या पोशाखाची धास्ती घेऊन उंद्री व परिसरातील चारशे बारा शेतकऱ्यांनी, जे मागील दोन्ही हंगामांत प्रतिष्ठानाचा संरक्षक संच घालूनच फवारणी करीत होते, सदर संच वापरणे पूर्णपणे थांबविले आहे.’

शेतकऱ्यांना फवारणीचे संच वाटणाऱ्या कवचधारा प्रतिष्ठानाच्या तक्रार-अर्जातले हे पहिलेच वाक्य निवेदिताबाईंनी तीनदा वाचले आणि पेन्सिलीने त्याच्याखाली बारीक रेघ ओढली. बुलढाण्याच्या महाविद्यालयात एकतीस वर्षे मराठी शिकवून त्यांनी माणसांवर रागावणे सोडून दिले होते. माणूस उद्या वेगळे बोलतो; छापलेले वाक्य मात्र जागचे हलत नाही, म्हणून रागवायचे तर वाक्यावर, असा त्यांचा शिरस्ता होता. आणि हा राग थंड असे. तो आला की त्या चहात साखर घालायला विसरत, एवढीच त्याची बाहेरून दिसणारी खूण.

तर हे वाक्य. चित्रपट जिल्ह्यातल्या हौशी चित्रपटांच्या महोत्सवात येत्या रविवारी दाखवायचा होता. आजवर तो पाहिला होता तिघा परीक्षकांनी, आणि त्यांतले एक गृहस्थ विसाव्या मिनिटालाच घोरू लागले होते. म्हणजे हिशेबाने अडीच जणांनी. शिवाय प्रायोजक या नात्याने एक प्रत मागवून घेतलेल्या खुद्द प्रतिष्ठानाने. उंद्रीच्या एकाही शेतकऱ्याने तो पाहिलेला नव्हता. न पाहिलेल्या चित्रपटाला चारशे बारा माणसे भ्यावीत, हे यश भल्याभल्या दिग्दर्शकांच्या नशिबी नसते. बरे, अर्जावरची तारीख चित्रपट जमा झाल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची होती. तीन दिवसांत चारशे बारा उंबरे झिजवून प्रत्येकाला ‘तुम्ही भ्यालात काय’ असे विचारून झाले असेल, तर असे कष्टाळू लोक जिल्ह्यात आहेत हे आजवर कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? आणि सगळ्यात गोड भाग तो आकडा. प्रतिष्ठानाच्या वार्षिक अहवालात संच मिळालेले शेतकरी चारशे बारा, वापरणारे चारशे बारा, आणि आता भिऊन सोडणारेही चारशे बारा. चिखली तालुक्यात पोळ्याची वेळ ठरवायलासुद्धा चार माणसांचे एकमत होत नाही, आणि इथे चारशे बारा जण एकदिलाने सुरक्षित होते व एकदिलाने भ्याले होते.

अर्जासोबत माफीनाम्याचा मसुदा जोडलेला होता. त्यावर दिग्दर्शिकेने रविवारपूर्वी सही करावी, नाहीतर चित्रपट स्पर्धेतून काढावा, अशी मागणी होती. महोत्सव भरवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह शेषराव, निवृत्त मुख्याध्यापक, हे सारे कागद स्वतः घेऊन आले होते. ते म्हणाले की मंडप, खुर्च्या आणि पडदा प्रतिष्ठानाचा आहे, मुलगी लहान आहे, सही करून टाकली तर सगळ्यांचेच भले होईल. निर्णय अर्थातच परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा म्हणून बाईंचाच. हे शेवटचे वाक्य त्यांनी इतक्या हळू उच्चारले, की ते बाईंच्या कानावर पडू नये अशीच त्यांची इच्छा असावी.

निवेदिताबाईंनी गुरुवारी सकाळी अकराला दोन्ही बाजूंना वाचनालयाच्या खोलीत बोलवायला सांगितले, आणि शेषराव गेल्यावर आपली परीक्षणाची वही उघडली.

या वहीत डावीकडे उणिवा आणि उजवीकडे गुण लिहिण्याची त्यांची पद्धत होती. ‘भर दुपारी’चे डावे पान गच्च भरले होते. गोष्ट एका ओळीची: परग्रहावरून आलेले पांढरे जीव कपाशीच्या वावरात उतरतात, माणसांना उचलून नेतात, आणि तीन दिवसांनी अर्धमेले करून परत आणून टाकतात. यान म्हणजे पाण्याच्या टाकीचे झाकण. ते बांबूला टांगून फिरवले होते आणि दोन ठिकाणी त्याच्यावर कंपनीने छापलेली लिटरांची संख्या स्वच्छ वाचता येत होती. यानातून खाली पाहणारी दृश्ये लग्नाच्या चित्रीकरणातल्या ड्रोनने घेतलेली. एका दृश्यात ड्रोनची सावली यानाच्या सावलीच्या आधी शेतात शिरते. परग्रहवासी डोक्यापासून घोट्यापर्यंत प्रतिष्ठानाच्या पांढऱ्या संचात, चष्मा आणि मुखवटा लावलेला, पण पाय उघडे आणि पायांत जोडवी. अपहरण झालेल्या शेतकऱ्याची बायको रडताना दर वेळी कॅमेऱ्याकडे पाहून ‘बरोबर आलं का’ असे डोळ्यांनी विचारते. आणि सुरुवातीला ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हणून शालूबाई नावाच्या म्हाताऱ्या मजूर बाईची मुलाखत जोडलेली. ती एकाच सुरात सांगते की पांढऱ्याला तिने स्वतः पाहिले, तो हात वर करून उभा होता, मग त्याने मोबाईल पाहिला आणि तो निघून गेला. निवेदिताबाईंनी इथे लिहिले होते: ‘या वृद्धेचा अभिनय कृत्रिम. परग्रहवासीयाच्या हाती मोबाईल देणे ही लेखिकेची डुलकी.’

उजव्या पानावर मजकूर थोडा होता, पण बाईंनी तो शाईने लिहिला होता. रात्रीच्या चित्रीकरणाला दिवे नव्हते म्हणून दिग्दर्शिकेने सगळे भय उन्हात आणले होते, आणि तिथेच ती जिंकली होती. वऱ्हाडातल्या माणसाला अंधाराची काय भीती? त्याची आजी त्याला सांगत आली ते बाराच्या ठोक्याला वावरात एकटे न थांबण्याबद्दल. माथ्यावर ऊन, सावली पायाखाली, पाखरू नाही, आणि कपाशीत कुठेतरी ‘शीऽऽ’ असा बारीक आवाज. परग्रहवासीयांच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. किरण सोडायचा खर्च परवडत नव्हता म्हणून ते माणसावर फवारत; माणूस दोन पावले चाले, तोंडाला फेस येई आणि तो सरीत आडवा होई. परत आलेल्या माणसाच्या डोळ्यांचे एक दृश्य होते: बाहुल्या आकसून टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. गाव म्हणते, हा पिऊन पडला होता. तो सांगत राहतो आणि गाव हसत राहते. त्या दृश्यात घोरणारे परीक्षकही जागे झाले होते.

आणि सोळावे मिनिट. पुढे परग्रहवासी पाठमोरा उभा आहे, पंपाची नळी हलते आहे. मागे, पाचपन्नास सऱ्या सोडून, निंबाच्या झाडाजवळ, उन्हात विरघळल्यासारखा दुसरा एक पांढरा. तो काही करीत नाही. एक हात वर करून नुसता उभा आहे. कॅमेरा त्याच्याकडे वळत नाही, संगीत त्याची दखल घेत नाही. प्रेक्षकाला तो आपला आपण दिसतो, आणि एकदा दिसला की पुढच्याकडे लक्षच राहत नाही. निवेदिताबाईंनी इथे लिहिले होते: ‘संपूर्ण चित्रपटातले सर्वोत्तम दृश्य. दिग्दर्शिकेचा संयम असामान्य.’

असामान्य संयमाची ही दिग्दर्शिका मंगळवारी दुपारी माफीनामा हातात घेऊन बाईंच्या घरी आली. सुचिता, वय तेवीस, उंद्रीच्या किसनरावांची मुलगी, लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या दुकानात जोडकाम, म्हणजे संकलन, करणारी. सोबत तिची भावजय अन्नपूर्णा. बाईंनी आधी पायांकडे पाहिले. जोडवी तीच होती.

“तुम्ही परग्रहवासी?”

“हाव मॅडम,” अन्नपूर्णा लाजून म्हणाली. “बुटं लय मोठे होते. चालली का निंघून जायत. सुचिताबाईनं म्हटलं, वैनी, पाय दिसत नाई, उभी राय.”

सुचिताने माफीनामा टेबलावर ठेवला. तिला स्पर्धेचे बक्षीस हुकण्याचे फारसे दुःख नव्हते. तिला माफीनाम्यातला तिसरा परिच्छेद खात होता. त्यात असे होते, की ‘माझे वडील किसनराव हेदेखील १९ ऑगस्ट रोजी संच घालूनच फवारणी करीत होते, हे मला ज्ञात आहे.’ त्या १९ ऑगस्टला, म्हणजे गेल्या वर्षी, किसनराव कपाशीत फवारता फवारता कोसळले होते. तीन दिवस सरकारी दवाखान्यात होते. डॉक्टरांनी फवारणीच्या औषधाची बाधा म्हणूनच उपचार केले आणि त्यांना वाचवले. पण पुढे ग्रामसभेत प्रतिष्ठानाचा अहवाल वाचला गेला: संच वापरल्यामुळे उंद्रीत एकालाही बाधा नाही, पुरावा म्हणून संच घातलेल्या शेतकऱ्यांचे तोवर काढलेले फोटो, त्यांत दोनशे सदतीसावा किसनरावांचा, तारीख १९ ऑगस्ट. गावाने त्यावर विचार केला. फोटो खोटा कसा असेल? संच अंगावर होता म्हणजे औषध लागले नसणार. मग माणूस फेस येऊन पडला कशाने? उत्तर गावाला तयारच सापडले. चाळीस वर्षे गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाचा पखवाज भजनी मंडळाने दुसऱ्याच्या मांडीवर दिला. कोणी तोंडावर काही बोलले नाही. किसनरावांनी देवळात जाणे बंद केले, एवढेच झाले.

“मी सही केली तं मीच लिहून देल्लं व्हईन, का बाबा पेले होते,” सुचिता म्हणाली. “नाई केली तं सिनेमा जाते. सिनेमा गेला तं मंग बाबाची गोष्ट सांगणारं कोणीच नाई उरत.”

“मग ही गोष्ट सरळ का नाही सांगितलीस? परग्रह कशाला?”

“सरळ सांगून पाह्यली न मॅडम. कोणी आयकत नाई. यानातून माणूस उतरला म्हटलं का पूरं गाव आयकते.”

 निवेदिताबाई आपल्या विषयाकडे वळल्या आणि सोळाव्या मिनिटाचे कौतुक करून तो दुसरा परग्रहवासी कोणाला केले होते, हे त्यांनी विचारले.

नणंद-भावजयांनी एकमेकींकडे पाहिले.

“मॅडम, ड्रेस एकच होता,” सुचिता सावकाश म्हणाली. “बाबाले भेटलेला. त्याचं पाकीट बी आमीच फोडलं, शूटिंगच्या दिवशी. पुढं वैनी हाये. मागचा आमचा नाई.”

“मग कोण आहे?”

“मले वाटलं बुजगावणं असन. शूट करताना दिसलंच नाई, जोडायले बसली तवा दिसलं. चांगलं वाटून राह्यलं होतं, म्हून ठेवलं.”

बाईंनी वही ओढली, ‘दिग्दर्शिकेचा संयम असामान्य’ हे वाक्य खोडले आणि संगणक मागवून सोळावे मिनिट पुन्हा लावले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्या वेळी चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा दृश्य संपायच्या जरासे आधी बुजगावण्याने वर केलेला हात खाली घेतला, चार पावले पुढे येऊन जमिनीत रोवलेल्या काठीवरून काहीतरी उचलले आणि मान खाली घालून ते न्याहाळले.

अन्नपूर्णा म्हणाली, “मोबाईल पाह्यते तो. शालूबाई खरंच म्हणत होती बाप्पा.”

निवेदिताबाईंनी डावे पान उघडले. ‘या वृद्धेचा अभिनय कृत्रिम’ ही त्यांच्या परीक्षणातली सगळ्यात ठाम ओळ होती. शालूबाई अभिनय करीतच नव्हती, म्हणून तो कृत्रिम वाटला होता. एकतीस वर्षे विद्यार्थ्यांना ‘मजकूर नीट वाचा’ असे सांगणाऱ्या बाईने साक्ष आणि संवाद यांतला फरक ओळखला नव्हता. त्या दिवशी त्यांनी दुसरा चहाही साखर न घालताच घेतला.

बुधवारी त्या एसटीने उंद्रीला गेल्या. तिथे त्यांनी दोन कामे केली. पहिले, संचांची चौकशी. ती सोपी होती, कारण कोणी काही लपवत नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. बहुतेकांची पाकिटे शिलाई न उसवता धान्याच्या कोठीवर पडून होती. ज्यांनी फोडली त्यांनी त्या वस्तूचे सोने केले होते: हातमोजे आग्यामोहोळाचा मध काढायला, चष्मे रंगपंचमीला, अंगरखा पावसात मोटारसायकलवर घालायला. एकाने जावयाला आहेरात दिला होता. संच घालून फवारणी केली का, असे विचारले तेव्हा एक जण मनापासून हसला आणि म्हणाला की वाफेच्या भांड्यात बसून मुटके व्हायचे असेल तर माणसाने जरूर घालावा. आणि चित्रपटाला भ्यालात का? कोणता चित्रपट, असे त्यांनी विचारले.

दुसरे काम शालूबाई. ती दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला जाणारी. त्यामुळे पांढरा तिला एकाच नव्हे, सात जणांच्या वावरात दिसला होता. नेहमी दुपारी, जेव्हा मालक जेवायला घरी गेलेला असे. तो औषध फवारत नसे. काठी रोवी, मोबाईल लावी, हात वर करून उभा राही, मग वावराच्या दुसऱ्या कडेच्या धुऱ्यावर जाऊन पुन्हा उभा राही. तिने हे गावात सांगितले तेव्हा लोकांनी तिलाही पिणाऱ्यांत जमा करून किसनरावांच्या शेजारी नेऊन बसवले. सुचिताने मात्र ते लिहून घेतले होते. त्यातूनच तिला परग्रह सुचला होता.

गुरुवारी वाचनालयाच्या खोलीत प्रतिष्ठानातर्फे प्रकल्प समन्वयक चिन्मय आला. तिशी ओलांडलेला, नीटनेटका, बोलायला गोड तरुण. त्याने आल्याबरोबर शालूबाईंना खुर्ची दिली. दुष्ट माणसाचे एकही लक्षण त्याच्या ठायी नव्हते, आणि त्यामुळे निवेदिताबाईंचे काम अवघड झाले. त्याने वर्तनबदल, विश्वासार्हता आणि संवेदनशील माध्यमे यांवर दहा मिनिटे विवेचन केले. किसनराव भिंतीशी उभे होते. ते उंच इतके, की पंखा फिरताना शेषरावांना त्यांच्या टोपीची काळजी वाटत होती.

बाईंनी शांतपणे अहवालाचा दोन्ही हंगामांतल्या छायाचित्रांचा खंड मागवला. मग एकेक करीत पाने उलटली. चारशे बारा पांढऱ्या आकृत्या, प्रत्येकीचा चेहरा मुखवट्याने झाकलेला, प्रत्येकीचा उजवा हात वर, अंगठा उभा, डावा खांदा किंचित पडलेला.

“उंद्रीत सगळ्यांचाच डावा खांदा पडलेला आहे?” त्यांनी विचारले.

चिन्मय म्हणाला की पंपाच्या वजनाने तसे होते.

“फोटोत पंप नाही.”

त्याने वाकून फोटो पाहिला. बाईंनी दोनशे सदतीसावा फोटो उघडला आणि सुचिताने आणलेला संच किसनरावांना चढवायला सांगितला. तो एकाच मापाचा होता. किसनरावांच्या अंगावर त्याच्या बाह्या कोपराच्या खाली जेमतेम पोचल्या आणि विजार पोटऱ्यांवर अडकली. फोटोतल्या किसनरावांच्या विजारीला मात्र खाली दोन दुमडी घातलेल्या होत्या.

“मामंजी, मांगल्या साली लय बुटके होतेत तुमी,” अन्नपूर्णा पदराआड म्हणाली. वाचनालयाच्या शिपायालाही हसू आवरेना. हसले नाहीत ते फक्त किसनराव आणि चिन्मय.

मग पडद्यावर सोळावे मिनिट आले. चिन्मयने बुजगावण्याचा मुद्दा मांडला. बुजगावण्याने हात खाली घेतला. तो मुद्दा मागे पडला.

“हे वावर कोणाचे?” बाईंनी विचारले.

निंबाचे झाड आणि विहिरीच्या मोटारीची पडकी खोली पाहून किसनराव म्हणाले, “तुळशीरामचं.”

अहवालात तीनशे अठ्ठ्याऐंशीवा फोटो तुळशीरामचा होता. यंदाची २७ सप्टेंबर, दुपारी बारा पन्नास. सुचिताच्या कॅमेऱ्यातल्या नोंदीनुसार सोळावे मिनिटही त्याच दिवसाचे, बारा बावन्नचे. निवेदिताबाईंनी चिन्मयचे अभिनंदन केले. कागद आणि पडदा इतके जुळावेत असे क्वचितच होते. मग त्यांनी तुळशीरामला बोलवायला सांगितले.

“तो कसा येईन?” शालूबाई म्हणाली. “चैतात वारला न तो.”

 बाईंनी शेषरावांना इतिवृत्त लिहायला सांगितले आणि एका लयीत मजकूर सांगितला. मंडळापुढे तीन शक्यता आहेत. एक, २७ सप्टेंबर रोजी कैलासवासी तुळशीराम संच घालून आपल्या शेतात उभे होते. तसे असेल तर प्रतिष्ठानाने सुरक्षेचे काम मृत्यूच्या पलीकडे नेले आहे आणि त्याचा सत्कार व्हावा. दोन, तो खरोखर परग्रहवासी होता. तसे असेल तर चित्रपट सत्य घटनेवर आधारित ठरतो आणि तक्रार फेटाळावी लागते. तीन, तो कोण होता हे या खोलीतल्या कोणाला तरी ठाऊक आहे. कोणतीही शक्यता धरली तरी चित्रपट स्पर्धेत राहतो आणि माफीनाम्याची गरज उरत नाही. पहिल्या दोन शक्यता मंडळ पडताळू शकत नाही. इतिवृत्त फोटोंसह प्रतिष्ठानाला निधी देणाऱ्यांकडे पाठवावे, म्हणजे ते पडताळतील. अर्थात तिसरी शक्यता आपल्या हाताने लिहून द्यायची असेल, तर कागद इथे आहे.

शेषरावांची लेखणी ‘कैलासवासी’पाशीच अडकली होती. चिन्मय म्हणाला की वरून आकडे ठरवून येतात, महिन्याच्या महिन्याला फोटो लागतात, लोक संच घालत नाहीत, त्याने तरी काय करावे. हे सगळे खरे होते आणि त्याचे डोळेही खरेच भरून आले होते. बाईंना त्याची दया आली. दया आली तरी वाक्य तसेच राहते, म्हणून त्यांनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

किसनराव पुढे आले. तो आखूड संच अजून त्यांच्या अंगावरच होता. कपाळावरून घाम ओघळत होता.

“साहेब,” ते म्हणाले, “मले तुमची नोकरी घालवाची नाई. पैसे बी नाई पायजे. तुमी फक्त येवढं लिहून द्या का मी पेलो नव्हतो. भजनी मंडळात वाचून दाखवतो.”

चिन्मयने त्यांच्याकडे पाहिले, मग त्या घामाकडे. त्याने कागद ओढला. लिहायला त्याला बराच वेळ लागला. शेषरावांनी तो कागद जसाच्या तसा इतिवृत्तात उतरवून घेतला, आणि रविवारी चित्रपटाच्या आधी, किसनरावांच्या इच्छेवरून, तो मोठ्याने वाचला गेला:

‘मी, चिन्मय, प्रकल्प समन्वयक, लिहून देतो की अहवालातल्या चारशे बाराही फोटोंत मीच आहे. मोबाईल काठीला लावून मीच काढले. किसनरावांचा फोटो मी ते दवाखान्यात असताना त्यांच्या वावरात जाऊन काढला आणि तारीख मागची टाकली. ते पडले त्या दिवशी त्यांच्या अंगावर संच नव्हता, कारण त्यांचं पाकीट फोडलेलंच नव्हतं. ते पीत नाहीत हे मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, तरी मी ग्रामसभेत गप्प बसलो. तुळशीराम वारले हे मला माहीत नव्हतं. शालूबाईंनी मला पाहिलं होतं आणि त्यांनी पाहिलं हे मीही पाहिलं होतं. संच घालून फवारणी करा असं मी गावात सगळ्यांना सांगितलं, पण मी स्वतः तो दहा मिनिटांच्या वर एकदाही अंगावर ठेवू शकलो नाही. फोटो निघाला की मी आधी मुखवटा काढायचो.’